उबदार खांब

एक

खांबाला कोणीतरी भोक पाडले होते.

ऑगस्टाबाई थर्कल यांनी छत्री भिंतीशी टेकवली, उजवा हातमोजा काढला आणि एक्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांची परवानगी न घेता त्या सरळ फरशीवर बसल्या. आठ खांबांपैकी हा तिसरा. मागच्या अंगाला, तळखड्यापासून वीतभर वर, करंगळी जाईल एवढे गोल आणि नेटके छिद्र होते. खाली गुलाबी भुकटी सांडलेली होती.

"उंदीर असेल," मागून गर्व्हेस व्हेसी म्हणाला.

"गिरमिट घेऊन फिरणारा?" बाईंनी मान न वळवता विचारले. "गर्व्हेस, कारकून होतास तेव्हाही तू आधी बोलायचास आणि मग विचार करायचास. कधी कधी तोही नाही."

व्हेसी आता साठीचा होता, दोन खानावळींचा आणि या इमारतीचा मालक होता. तरी ऑगस्टाबाईंपुढे त्याचा हात आपोआप टायकडे गेला.

ऑल्डरबीच्या लोकर बाजारातली ही बँक अठराशे अडुसष्ट सालची. बाहेर मधाच्या रंगाचा दगड, दारावर दोन सिंहमुखे, आत काचेच्या घुमटाखाली गुलाबी शिरांच्या संगमरवरी खांबांचे गोल दालन, आणि वर मॅनेजरचे बिऱ्हाड. बँक केव्हाच गाव सोडून गेली होती. इमारत मात्र सरकारच्या वारसा-यादीत होती, आणि यादीतल्या इमारतीची कडीसुद्धा लेखी परवानगीवाचून बदलता येत नाही. ती कडी बदलत नाही ना, हे पाहायला वारसा मंडळाच्या मानद रखवालदार म्हणून ऑगस्टाबाई दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला येत. येत्या सोमवारी इमारत संग्रहालयाच्या ताब्यात जायची होती.

"किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?" त्यांनी विचारले.

"तुमच्याकडे, माझ्याकडे, वर राहणाऱ्या मिस अॅमकॉट्सकडे. आणि लायनेल डनहोमकडे. आर्किटेक्टला नको का? पण मिसेस थर्कल, माझ्याकडे असं बघू नका. माझा खांब मीच कशाला फोडीन? सोमवारी मला त्याच्यातून सुटका मिळतेय!"

बाईंनी बोट जिभेला लावून भुकटीत टेकवले आणि अंगठ्याशी चोळले. भुकटीचा लगदा झाला. मऊ, चिकट, गुलाबी लगदा.

त्यांनी हलकेच तळवा खांबावर ठेवला. घुमटाखालची फरशी सप्टेंबरातच बर्फासारखी लागत होती. खांब मात्र गार नव्हता. त्यांना एकाएकी एडमंड दिसला: कामावर जाण्यापूर्वी कोटाची बटणे लावत हसणारा. 'आमच्या बँकेत माणसांपेक्षा खांब उबदार आहेत, गसी. सकाळी मी हात त्यांच्यावरच शेकतो.' त्यांना तो नेहमी विनोदच वाटला होता.

संगमरवराचा लगदा होत नाही, आणि संगमरवर उबदार नसतो. अडतीस वर्षे त्या ज्या खांबांची राखण करत होत्या, ते दगडाचे नव्हतेच.

दोन

एडमंड थर्कल या बँकेचा मुख्य कारकून होता. सेंट ऑस्वल्ड चर्चचा सहाशे वर्षांचा चांदीचा चषक बँकेच्या तिजोरीघरात लाकडी पेटीत ठेवलेला असे. वर्षातून दोनदाच, ईस्टरला आणि नाताळला, प्रभुभोजनासाठी तो बाहेर निघे. एकोणीसशे एकोणऐंशीच्या ईस्टरनंतर एडमंडने पेटी स्वतः परत नेली, जागेवर ठेवली आणि सही केली. त्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, पेटी उघडली गेली. आत हिरव्या लोकरी कापडात शिशाच्या पत्र्याची गुंडाळी होती. वजन बरोबर चषकाइतके.

शिसे छपरावरचे होते आणि छपराची किल्ली एडमंडकडे असे. शेवटची सही त्याची होती. खटला उभा राहण्याइतका पुरावा मिळाला नाही. गावाला तेवढ्याची गरजही नव्हती. बँकेने त्याला घरी बसवले. चर्चच्या ओक लाकडाच्या फलकावर विश्वस्तांच्या नावांच्या पितळी पाट्या होत्या. त्यांतली एडमंडची पाटी उतरवण्यात आली. फुले सजवणाऱ्या बायका ऑगस्टाबाईंच्या बाकावरून उठून पलीकडे जाऊन बसल्या. एडमंड त्यानंतर तीन वर्षे जगला, आणि त्या तीन वर्षांत त्याने लोकर बाजारात पाऊल ठेवले नाही.

पाटी उतरवली त्या दिवशी ऑगस्टाबाई गेल्या, ती दोन स्क्रूंसकट उचलली आणि हातपिशवीत टाकली. ती अजून तिथेच होती. प्रभुभोजनाच्या नव्या चषकाला त्यांनी कधी ओठ लावले नाहीत.

चोरी उघड झाली त्याच्या पुढच्याच वर्षी बँकेने दालन पाडून नवे करण्याचा घाट घातला. बाईंनी उभा जिल्हा पालथा घातला आणि इमारत यादीत आणली. वास्तुकलेचे प्रेम म्हणून लोकांनी त्यांचा सत्कार केला. प्रेम कसले! जे घडले ते या भिंतींच्या आत घडले होते. मग भिंती जागच्या हलणार नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब होता. कोणी तरी एक दिवस त्या हलवायला येईल, आणि त्या दिवशी त्याचे मनगट त्यांना धरायचे होते.

ते मनगट कोणाचे, याबद्दल त्यांच्या मनात फारशी शंका नव्हती.

"तू साक्ष दिली होतीस," व्हेसीच्या डोळ्यांत पाहत त्या म्हणाल्या. "पेटी एडमंडने कोणाला धरू दिली नाही, असं."

"खरंच नव्हती धरू दिली!" व्हेसी लालबुंद झाला. "तेवीस वर्षांचा होतो मी. साहेबांनी विचारलं, मी सांगितलं. त्याचा असा अर्थ काढतील हे मला काय ठाऊक? आणि चोरायचं म्हटलं तरी बाहेर कसं नेणार होतो? दारात म्हातारा ग्राइस बसायचा. आठवतो ना? माझा सँडविचचा डबा रोज उघडायचा. वर म्हणायचा, 'काकडी आज पातळ कापलीय.' त्या लायनेलच्या नकाशांच्या नळ्यासुद्धा सगळ्या उलगडून बघायचा, रोज, दोन आठवडे. लायनेल चिडून पांढराफटक पडायचा."

"लायनेल? तो बँकेत कधी होता?"

"बँकेत नव्हता. मोजणीला आला होता ऑक्टोबरात. वरच्या मजल्याच्या तुळयांना बुरशी लागली होती ना, तेव्हा. तुम्हाला आठवत नाही?"

ऑगस्टाबाईंना आठवत नव्हते. आठवण्याचे कारणच नव्हते. ईस्टरला हरवलेल्या वस्तूसाठी ऑक्टोबरातल्या माणसाचा विचार कोणी केला नव्हता.

पण चषक ईस्टरला हरवला, हे तरी कोणी ठरवले होते?

तीन

मिस कॉर्डेलिया अॅमकॉट्स अकराला शेरी घेत असत, आणि अकरा केव्हा वाजले हे त्या स्वतःच ठरवत असत. जुन्या मॅनेजरची ही एकुलती एक लेक. वडिलांच्या बिऱ्हाडात तहहयात राहण्याचा हक्क तिला बँकेने देऊन टाकला होता.

"बस गं, ऑगस्टा. मांजर ढकल खाली. तुझ्या चेहऱ्यावरून कोणी तरी मेलंय असं वाटतंय."

"अजून नाही. खाली कोणी गिरमिट चालवलं का, ऐकलंस?"

"काल दुपारी घरघर ऐकली खरी. मला वाटलं फ्रीज गेला. मी त्याच्यावर चापट मारली, तरी थांबेना. मग लक्षात आलं, तो बंदच आहे." मिस अॅमकॉट्स स्वतःच्या विनोदावर खुदखुदल्या. "मग मी टीव्हीचा आवाज वाढवला. दुपारी कोण चोरी करतं?"

"कॉर्डेलिया, एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात या खोलीची फळ्यांची जमीन उचकटली होती?"

"होती की! जेवणाच्या खोलीत पंधरा दिवस जेवायला मिळालं नाही. पपा खिडकीशी उभं राहून सूप प्यायचे." त्यांनी काठीने गालिच्याचा कोपरा दाखवला. "बरोब्बर तिथं. खाली पाहिलं की खांबाचं डोकं दिसायचं. वरून उघडंच होतं ते, फुलदाणीसारखं. मला वाटायचं, अय्या, दगडी खांब आतून पोकळ कसा? तर तो तुझा लाडका लायनेल म्हणाला, 'मिस अॅमकॉट्स, हे फार तांत्रिक आहे.' पंचविशीतलं पोर, पण बोलायचं असं की पपांनासुद्धा गप्प बसवायचं. आणि दिवसभर तिथं पालथं पडून असायचं."

"आणि मग?"

"मग काय? काम त्यालाच मिळेल अशी त्याची समजूत होती. पण बँकेनं लिंकन शहरातली माणसं पाठवली. त्यांनी दोन दिवसांत हा एवढा लोखंडी गर्डर आणला, खांबांच्या डोक्यावर आडवा टाकला, फळ्या ठोकल्या, चहा प्यायला आणि गेले. तो आला तेव्हा सगळं बंद झालेलं. मुकादमाला म्हणाला, 'उचला तो, माप चुकलंय.' मुकादम म्हणाला, 'बाळ, माप चुकलं असेल तर तुझं.' रडायच्या बेतात आला होता बिचारा. मी त्याला शेरी दिली."

ऑगस्टाबाईंनी हातातला पेला न पिताच खाली ठेवला.

"बाई गं," मिस अॅमकॉट्स म्हणाल्या, "आता तर तुझ्याकडे बघून खरंच कोणी तरी मेल्यासारखं वाटतंय."

चार

वारसा-यादीतल्या इमारतीत बदल करण्यासाठी जो अर्ज होतो, त्याची एक प्रत मंडळाकडे येते. ऑगस्टाबाईंनी गेल्या तीस वर्षांतल्या चारही प्रती जपल्या होत्या, कारण चारही अर्जांना त्यांनीच विरोध करून ते फेटाळायला लावले होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी चारही नकाशे शेजारी शेजारी पसरले आणि कोपऱ्यांवर चमचे ठेवले.

पहिला अर्ज दारूच्या व्यापाऱ्याचा: तळघराला जिना हवा. दुसरा दातांच्या डॉक्टराचा: चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. तिसरा व्हेसीचा: खानावळीच्या धुराड्याला वाट हवी. चौथा पुन्हा व्हेसीचा: हॉटेलला लिफ्ट हवी.

जिना, उतार, धुराडे, लिफ्ट. मालक तीन आणि गरजा चार. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक नकाशातले खांब मोजले. सात. सात. सात. सात.

प्रत्येक वेळी एकच खांब काढून टाकलेला होता, आणि प्रत्येक वेळी तो तिसराच होता.

दातांच्या डॉक्टराला तिसऱ्या खांबाशी काय करायचे होते? दारूवाला तर आता हयातही नव्हता. अडतीस वर्षे ज्याचा गळा त्यांनी मनातल्या मनात धरून ठेवला होता, तो व्हेसी पहिल्या दोन अर्जांच्या वेळी या इमारतीचा कोणीही नव्हता. बाईंनी सावकाश चौथ्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यावरचा चमचा उचलला, मग तिसऱ्याच्या, मग दुसऱ्याच्या, मग पहिल्याच्या. चारही ठिकाणी नकाशा काढणाऱ्याची सही होती, तिरकी आणि सुरेख.

फडताळात क्विन्स फळाच्या मुरंब्याची बाटली होती. दर ऑक्टोबरात एक बाटली येई. प्रत्येक अर्ज फेटाळला गेला त्या आठवड्यात आणखी एक येई, सोबत त्याच तिरक्या, सुरेख अक्षरातली चिठ्ठी असे: 'नेहमीप्रमाणे तुमचंच बरोबर होतं, ऑगस्टा.' त्या उठल्या, बाटली उघडली, आतला मुरंबा चमच्याने मोरीत ओतला आणि बाटली धुऊन, पुसून, पालथी ठेवली.

पाच

"ऑगस्टा! या, या. प्लम ब्रेड काढलाय, लोणी कुठं ठेवलंय तेवढं सांगू नका, मलाच सापडायला हवं."

लायनेल डनहोम चौसष्ट वर्षांचा होता. रुपेरी केस, कोपरांवर चामड्याची ठिगळे, आणि वाक्य संपण्याआधी हसण्याची सवय. जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींबद्दल त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"खांबाचं कळलं ना तुला?" बाईंनी विचारले.

"गर्व्हेसचा फोन आला होता. काय हा रानटीपणा! पण काळजी करू नका. सोमवारच्या आत मी स्वतः बुजवून टाकतो. संग्रहालयवाल्यांना कळणारसुद्धा नाही."

"ते म्हणे प्रत्येक खांबाची आतून तपासणी करणार आहेत. यंत्र आणून."

"हो ना." लोण्याची सुरी क्षणभर थांबली. "आता सगळ्यांना यंत्रंच लागतात."

"संगमरवर फोडायला गिरमिटही भारी लागलं असेल."

"इटलीचा दगड, ऑगस्टा. चांगलंच भारी."

"तुझी खात्री आहे? संगमरवरच?"

तो हसला. "एकोणीसशे ऐंशीत मीच पाहणी करून लिहून दिलं होतं. सरकारी यादीत माझंच वाक्य शब्दशः आहे. विसरलात? आपण दोघांनी मिळून तर ती इमारत वाचवली."

"विसरले नाही," बाई म्हणाल्या. "बँक दुसरा तज्ज्ञ बोलावणार होती. तू धावत आलास आणि फुकट करून दिलंस. मी तेव्हा रडले होते तुझ्या खांद्यावर."

टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी, पितळेचा एक जुना ओळंबा होता. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला टांगतात तसा. त्याच्या डोक्यावर निळ्या-पांढऱ्या धाग्यांची वेणी घातलेली वीतभर दोरी उरली होती. टोक सुरीने कापलेले होते.

"सुंदर आहे," बाईंनी तो उचलला. "दोरी कोणी विणली?"

"आईनं. मी शिकाऊ होतो तेव्हा. तसली दुसरी दोरी जगात नसेल."

"उरलेली कुठं गेली?"

"गेली असेल कुठंतरी. चाळीस वर्षं झाली." त्याने ब्रेडची बशी पुढे केली. "घ्या ना."

"नको," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी दहाला बँकेत ये. त्या भोकाचं काय ते लावून टाकू."

सहा

शनिवारी घुमटातून ऊन उतरले होते. तिसऱ्या खांबाभोवती कापड अंथरलेले होते आणि त्यावर यॉर्कहून आलेला एक वयस्कर कारागीर हत्यारे मांडत होता. व्हेसी होता, मिस अॅमकॉट्ससाठी खुर्ची आणलेली होती, चर्चच्या पाद्रीबाई फिलिपा ऑर्म होत्या, आणि दाराशी साध्या कपड्यातला एक पोलीस अधिकारी सिंहमुखांकडे पाहण्याचे ढोंग करत उभा होता.

लायनेल आत आला, हत्यारे पाहून थबकला.

"ऑगस्टा, हे काय? यादीतली इमारत आहे. परवानगीशिवाय तुम्ही खांबाला—"

"मी?" बाईंनी पिशवीतून कागद काढला. "जिल्ह्याच्या वारसा अधिकाऱ्याची परवानगी. शिक्का, सही, तारीख. अडतीस वर्षं मी लोकांना परवानगीवाचून खिळा ठोकू दिला नाही; स्वतः बरं ठोकीन? बस, कॉर्डेलियाच्या शेजारी."

तो बसला नाही.

"हा खांब संगमरवरी नाही," त्या सर्वांना उद्देशून म्हणाल्या. "रंगीत प्लास्टर घोटून घोटून दगडासारखं चकचकीत केलंय, आणि आत पोकळी आहे. मला अडतीस वर्षं कळलं नाही, कारण मी एका कारकुनाची बायको. गर्व्हेसला कळलं नाही, कारण तो गर्व्हेस."

"आभारी आहे," व्हेसी पुटपुटला.

"पण जिल्ह्यातल्या पहिल्या तज्ज्ञाला कळू नये? ज्यानं पंधरा दिवस पालथं पडून त्याच्या पोटात पाहिलं, त्याला? चुकून लिहिलं नाहीस तू 'संगमरवर', लायनेल. दगडात कोणी काही शोधत नाही, म्हणून लिहिलंस."

"हा निव्वळ वेडेपणा—"

"माझं संपलेलं नाही." आवाज चढला नव्हता, पण मिस अॅमकॉट्सनी हातातला रुमाल घट्ट धरला. "ऑक्टोबरात तिजोरीघर रोज उघडं असायचं, आणि ओल मोजायला तू आत असायचास. कर्मचारी नव्हतास, म्हणून कोणी तुझी नोंद ठेवली नाही. छपरावरही तूच होतास. शिसं तिथूनच आणलंस. चषक काढलास, पण बाहेर नेणार कसा? दारात ग्राइस. म्हणून वर नेलास आणि तुझ्या त्या ओळंब्याची दोरी बांधून या खांबात सोडलास. फळ्या बसवण्याचं काम तुलाच मिळणार होतं. तेव्हा सावकाश काढता आला असता. पण लिंकनची माणसं आली. त्यांनी वाटेतली दोरी कापली आणि गर्डर टाकला. चषक तळाशी गेला. दोन महिन्यांनी पेटी उघडली, आणि सगळ्यांनी ईस्टरची सही पाहिली."

"पण मग यांनी खांब फोडला का नाही?" पाद्रीबाईंनी विचारले. "किल्ली होती की."

"कारण दर गुरुवारी मी येत होते. असला खांब फुटला तर पुन्हा उभा करायला महिने लागतात आणि कारागीर देशात दहा. पहिला प्रश्न कोणाला विचारला असता? आर्किटेक्टला. म्हणून तो कायदेशीर वाटेनं आला. चार वेळा. कधी जिना, कधी उतार, कधी धुराडं, कधी लिफ्ट. आणि दर वेळी जाणार तो हाच खांब. दर वेळी मी नाही म्हणाले. मला ठाऊक नव्हतं मी कोणाला नाही म्हणतेय. तरी म्हणत होते. सोमवारी संग्रहालयाची यंत्रं येणार म्हटल्यावर मात्र तुझा धीर सुटला. भोक पाडून आत पाहिलंस. दिसला?"

लायनेलच्या चेहऱ्यावरचे हसू अजून तिथेच होते. तो ते पुसायला विसरल्यासारखे.

बाईंनी कारागिराला मान हलवून खूण केली. बारीक करवत फिरू लागली. अर्ध्या तासाने त्याने वहीएवढा चौकोनी तुकडा अलगद बाहेर काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि धुळीने माखलेली एक वस्तू कापडावर ठेवली. पाद्रीबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी पदराएवढ्या बाहीने पुसले तशी धुळीखालून काळवंडलेली चांदी दिसली.

चषकाच्या दांड्याभोवती दोरी गुंडाळलेली होती. निळी-पांढरी, वेणी घातलेली.

"तसली दुसरी दोरी जगात नसेल," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तूच म्हणालास."



"लंडनला एक गिऱ्हाईक होतं," लायनेल शेवटी फरशीकडे पाहत म्हणाला. "सव्वीस वर्षांचा होतो मी. एडमंडवर येईल असं वाटलं नव्हतं. देवाशपथ, ऑगस्टा."

"आलं तेव्हा तरी तुला तोंड होतं. तीन वर्षं तो जिवंत होता. तीन वर्षं तू आमच्या घरी मुरंबा आणत होतास. तो तुला दार उघडायचा."

पोलीस अधिकारी पुढे झाला. बाईंनी त्याच्यापुढे छत्री आडवी धरली.

"पाचच मिनिटं. आधी समोर जायचंय."

सात

समोर म्हणजे चौकापलीकडचे सेंट ऑस्वल्ड. दुसऱ्या दिवशी सुगीची प्रार्थना होती, आणि गावातल्या आठ-दहा बायका भोपळे, गव्हाच्या पेंढ्या आणि शेवंती मांडत होत्या. बाईंनी शनिवार निवडला होता तो याचसाठी. गावात बातमी पोचवायला या बायकांइतकी खात्रीची व्यवस्था नव्हती. अडतीस वर्षांपूर्वीही याच होत्या, किंवा यांच्या आया.

ऑगस्टाबाई दारातून आत आल्या तेव्हा हातातली फुले हातात राहिली. बाईंच्या मागे पाद्रीबाई चषक घेऊन होत्या, आणि त्यांच्या मागे, पोलिसाच्या शेजारी, लायनेल डनहोम.

ओक लाकडाच्या फलकावर पाट्यांची रांग होती. मध्ये एक जागा मोकळी होती. तिथले लाकूड आजूबाजूपेक्षा फिकट होते आणि त्यात दोन बारीक भोके होती.

बाईंनी पिशवी उघडली. पाटी, दोन स्क्रू आणि एक पेचकस. पाटी आरशासारखी लखलखत होती. ती अडतीस वर्षे दर शनिवारी घासली गेली होती.

"लाव," त्या म्हणाल्या.

"ऑगस्टा... सगळ्यांच्या देखत?"

"उतरवली तेव्हा सगळ्यांच्या देखतच उतरवली होती."

"मिसेस थर्कल," पाद्रीबाई हळूच म्हणाल्या, "सत्य बाहेर आलंय. आता क्षमेचा—"

"तो तुमचा व्यवसाय, पाद्रीबाई. तुम्ही चांगला करता. माझा तो नव्हे."

लायनेलने पेचकस घेतला. पहिला स्क्रू दोनदा फरशीवर पडून घरंगळला. दोन्ही वेळा त्याला गुडघ्यांवर बसून तो शोधावा लागला, आणि दोन्ही वेळा एकही बाई मदतीला वाकली नाही. व्हेसी मागे टोपी हातात धरून उभा होता. ऑगस्टाबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"चोर तू नव्हतास, गर्व्हेस. मी चुकले होते."

"ठीक आहे, मिसेस थर्कल," तो म्हणाला.

"माफ मात्र केलेलं नाही. साक्ष तूच दिलीस."

दुसरा स्क्रू आत गेला. लायनेल मागे सरकला. एडमंड जॉसलिन थर्कल, आणि खाली त्याच्या विश्वस्तपणाची नऊ वर्षे. बाईंनी डोके किंचित कलते करून पाटी न्याहाळली. बराच वेळ न्याहाळली.

"डावीकडे वर आहे," त्या म्हणाल्या. "काढ आणि पुन्हा लाव. ओळंबा लावून बघ. मोजणीवाला आहेस ना तू?"

आणि त्यांनी पिशवीतून तो पितळी ओळंबा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. लायनेल बँकेत असतानाच पोलिसांनी तो त्याच्या टेबलावरून आणला होता, आणि अधिकाऱ्याच्या परवानगीने बाईंनी तो घेतला होता. त्याला आता चषकाच्या दांड्यावरून सोडवलेली, निळी-पांढरी दोरी बांधलेली होती.

पाटी सरळ बसेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. मग उजव्या हाताचा मोजा काढून त्यांनी तळवा पितळेवर टेकवला. ते थंडगार होते. त्या अर्थी खरे होते.

"आता न्या त्याला," त्या म्हणाल्या, आणि आपल्या जुन्या बाकावर, मधोमध, जाऊन बसल्या.